मातीचे ऋण जाणणारे सर अल्बर्ट हॉवर्ड

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. १९०५ मध्ये ते बिहारातील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत दाखल झाले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. उभयतांनी गव्हाचे सुधारलेले वाण सिद्ध केले. पाश्चात्त्य विद्या घेऊन आलेले हॉवर्ड येथे मात्र आसपासच्या शेतकऱ्यांचेच शिष्य झाले.

पीक, जमीन व जनावरे यांचा एकत्रित अभ्यास व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. परंतु पुसा येथे प्रत्येक शास्त्राचे खाते निराळे, त्यामुळे तो सफळ होईना. अखेर १९२४ मध्ये इंदूर दरबारची जमीन, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांची वर्गणी व कापूस समितीचे अनुदान यांच्या बळावर इंदुरात नवी संस्था उभी राहिली. तेथे यशवंत वाड यांच्या सहकार्याने काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची 'इंदूर पद्धत' सिद्ध झाली. १९३० मध्ये गॅब्रिएल निवर्तल्या. पुढील वर्षी हॉवर्ड व वाड यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हॉवर्ड एकटेच मायदेशी परतले. रासायनिक खतांच्या पुरस्कर्त्यांची टीका सोसूनही १९४७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपले मत सोडले नाही.

२०१७ मध्ये सेंद्रिय शेतीची जागतिक परिषद नोएडानजीक ग्रेटर नोएडा येथे भरली. हॉवर्डांनी ज्यांना गुरू मानले, त्यांच्याच देशात जगभरचे शेतकरी व संशोधक एकत्र बसले. शिकवावयास आलेला मनुष्य शिकावयास बसला, तेथेच या कार्याचे बीज होते.