वीस हिवाळे बर्फातून टपाल वाहिलं, पण या माणसाला सरकारनं पगारच दिला नाही

नोकरी म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. पगार किती?

आणि समजा कामाचं स्वरूप असं असेल की, ऐन हिवाळ्यात पाठीवर तीस-पस्तीस किलोचं ओझं घ्यायचं आणि बर्फानं भरलेला डोंगर ओलांडून दीडशे किलोमीटर पलीकडं जायचं. रस्ता नाही, मुक्कामाची सोय नाही, सोबत कुणी नाही. पोचलात की तिकडचं ओझं उचलायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. पगार? तो नंतर बघू.

हे काम एका माणसानं थोडेथोडके नाही, तब्बल वीस हिवाळे केलं. त्याचं नाव जॉन थॉम्पसन. अमेरिकेत त्याला आजही स्नोशू थॉम्पसन म्हणून ओळखतात.

आज युरोपात आणि अमेरिकेत हिवाळी ट्रेक करणाऱ्यांची चांगली सोय असते. दिवसभर बर्फातून चालायचं आणि संध्याकाळी डोंगरावरची झोपडी गाठायची. आत शेगडी असते, झोपायला फळ्या असतात. कॅलिफोर्नियातल्या ताहो सरोवराच्या आसपास सिएरा क्लबनं अशा झोपड्या बांधल्या आहेत. थॉम्पसन याच डोंगररांगेतून जायचा, पण त्या काळी यातलं काहीही नव्हतं.

नॉर्वेचा पोरगा अमेरिकेत कसा आला?

थॉम्पसनचा जन्म ३० एप्रिल १८२७ चा. गाव नॉर्वेतल्या तेलेमार्क भागात, तिन नावाच्या डोंगराळ मुलखात. मूळ नाव जॉन टोरस्टेनसन रुए. वडील तो अगदी लहान असतानाच गेले.

आधुनिक स्कीईंगची सुरुवात ज्या भागातून झाली असं मानतात, तो हाच तेलेमार्क. तिथं स्की म्हणजे खेळ नव्हता. हिवाळ्यात शेजारच्या घरी जायचं तरी पायाला लाकडी फळ्या बांधाव्या लागायच्या. आपल्याकडं पोरं सायकल शिकतात तशी तिकडची पोरं स्की शिकायची.

तो दहा वर्षांचा असताना, १८३७ मध्ये त्याचं कुटुंब अमेरिकेला गेलं. आधी इलिनॉय, मग मिसुरी, आयोवा, विस्कॉन्सिन असं फिरत शेती केली. पुढं कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि अर्धी दुनिया तिकडं धावली. थॉम्पसनही १८५१ मध्ये गाईंचा कळप हाकत कॅलिफोर्नियात प्लेसरव्हिलला पोचला. काही दिवस सोन्याच्या खाणींत नशीब आजमावलं, पण हाताला फार काही लागलं नाही. शेवटी साठवलेल्या पैशातून सॅक्रामेंटो खोऱ्यात जमीन घेतली आणि पुन्हा शेतीला लागला.

डोंगरापलीकडची माणसं

आता थोडा भूगोल. कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला सिएरा नेवाडा ही उंच डोंगररांग आहे. तिच्या पलीकडं कार्सन खोरं. तिथं जेनोआ नावाची छोटी वस्ती होती. आज ती नेवाडा राज्यात येते, तेव्हा तो भाग यूटा प्रदेशात मोडायचा.

उन्हाळ्यात घोडे, खेचरं, गाड्या डोंगर ओलांडायच्या. हिवाळा आला की घाट बंद. बर्फ इतका पडायचा की जनावर पोटापर्यंत रुतायचं. मग पलीकडच्या लोकांचा कॅलिफोर्नियाशी संबंध महिनोन्‌महिने तुटायचा. पत्र नाही, वर्तमानपत्र नाही, औषध नाही.

या डोंगराची दहशत किती होती? १८४६ च्या हिवाळ्यात डॉनर पार्टी म्हणून ओळखला जाणारा ८७ जणांचा तांडा इथंच बर्फात अडकला. त्यातले जवळपास निम्मे लोक मेले. जगण्यासाठी काहींनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. या घटनेला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा हिवाळ्यात या डोंगरात पाऊल टाकायची कुणाची छाती होणार?

टपालखात्यानं प्रयत्न केले होते. विणलेल्या जाळीचे गोल बर्फाचे बूट घालून काही जण गेलेही, पण ते नेहमीचं काम म्हणून जमेना. १८५५ च्या शेवटी थॉम्पसनच्या वाचनात एक जाहिरात आली. डोंगरापलीकडं टपाल नेणारा माणूस हवा होता.

त्याला लहानपणीच्या फळ्या आठवल्या.

दहा फुटांच्या फळ्या

त्यानं ओकचं लाकूड फाडलं आणि आठवणीतूनच स्की बनवल्या. लांबी सुमारे दहा फूट, जोडीचं वजन अकरा किलोच्या आसपास. आजच्या स्कीच्या मानानं हे प्रकरण अगदी राक्षसी. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी असलं काही पाहिलंच नव्हतं. स्की हा शब्दही तिकडं रुळला नव्हता, म्हणून लोक त्यांना नॉर्वेचे स्नोशू म्हणू लागले. तिथूनच त्याचं टोपणनाव पडलं.

आजकाल दोन हातांत दोन काठ्या असतात. थॉम्पसनकडं एकच लांब काठी असायची. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणारी पोर जशी काठी आडवी धरते, तशी तो उतारावर काठी आडवी धरायचा आणि तोल सांभाळायचा.

जानेवारी १८५६ मध्ये तो प्लेसरव्हिलहून निघाला. हा काही परत येत नाही, असंच बघणाऱ्यांना वाटलं. पण पठ्ठ्या पाच दिवसांत जेनोआला जाऊन टपाल घेऊन परत आला.

अंतर ९० मैल, म्हणजे साधारण १४५ किलोमीटर. जायला तीन दिवस, यायला दोन. हा फरक का? प्लेसरव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, तर जेनोआ ४,८०० फुटांवर, आणि मधले घाट सात हजार फुटांच्याही वर. त्यामुळं जाताना चढच जास्त. येताना मात्र पश्चिमेकडचा लांबलचक उतार मिळायचा आणि त्यावरून तो सुसाट सुटायचा.

रात्र काढायची कशी?

पाठीवरच्या पोत्याचं वजन साठ ते शंभर पौंड, म्हणजे २७ ते ४५ किलो. त्यात पत्रं, वर्तमानपत्रं, औषधं आणि लोकांनी मागवलेलं किडूकमिडूक. एवढं ओझं घेतल्यावर स्वतःसाठी काय घेणार? त्यानं घोंगडं नेणं बंद केलं. बंदूकही नाही. खायला सुकवलेलं मांस आणि कडक बिस्किटं, प्यायला बर्फाचं पाणी. सोबत काडेपेटी मात्र हवीच.

अंधार पडला की तो वाळलेलं झाड किंवा बुंधा शोधून पेटवून द्यायचा. बर्फावर पाइनच्या फांद्या अंथरायच्या, पाय आगीकडं करायचे आणि झोपायचं. वादळ असेल तर आगही पेटायची नाही. मग एखाद्या सपाट खडकावर उभं राहून तो चक्क नाचायचा. कारण उघड आहे. त्या थंडीत माणूस थांबला की गारठून मरतो. स्ट्रॉबेरी व्हॅलीच्या अलीकडं एका मोठ्या खडकाखाली कोरडी कपार होती. ती त्याची हक्काची मुक्कामाची जागा.

होकायंत्र नसायचं. झाडं, खडक, ओढे, वाऱ्यानं बर्फावर उठलेल्या रेघा आणि रात्री चांदण्या, एवढ्यावर तो वाट काढायचा.

त्या झोपडीत एक माणूस पडला होता

डिसेंबर १८५६ ची गोष्ट. थॉम्पसन लेक व्हॅलीतल्या एका झोपडीपाशी पोचला तर आत जेम्स सिसन नावाचा माणूस पडलेला. दोन्ही पाय गोठून निकामी झालेले. बारा दिवस तो तसाच होता आणि थोड्याशा पिठावर जगत होता.

थॉम्पसननं त्याच्यासाठी लाकडं फोडून ठेवली आणि तसाच जेनोआकडं निघाला. तिथं माणसं जमवली. पण ती बर्फातून येणार कशी? मग त्यांच्यासाठीही स्की बनवल्या, त्यांना घेऊन तो परत झोपडीवर गेला आणि सिसनला घसरगाडीवर घालून खाली आणलं.

संकट तरीही संपलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, पाय कापावे लागतील, पण भूल द्यायला क्लोरोफॉर्म नाही. क्लोरोफॉर्म होतं डोंगराच्या या बाजूला. थॉम्पसननं पुन्हा फळ्या बांधल्या, डोंगर ओलांडला, सॅक्रामेंटो गाठलं आणि औषध घेऊन परतला. सिसनचे पाय गेले, पण जीव वाचला.

पुढं नेवाडातलं पहिलं वर्तमानपत्र, टेरिटोरियल एंटरप्राइज, १८५८ मध्ये जेनोआत सुरू झालं. त्याच्या छपाईचं काही सामानही थॉम्पसननंच पाठीवरून आणलं असं सांगतात. १८५९ मध्ये खाणवाल्यांना सापडलेल्या निळसर मातीचा नमुना त्यानं तपासणीसाठी पलीकडं नेला, अशीही गोष्ट आहे. ती माती म्हणजे कॉमस्टॉकची चांदी. तिनं पुढं नेवाडाचं नशीबच पालटलं.

आणि पगार?

१८६६ मध्ये त्यानं अ‍ॅग्नेसशी लग्न केलं. डायमंड व्हॅलीत शेत होतं, मुलगा आर्थर झाला. घर चालायचं ते शेतीवर. टपालाच्या कामाचं रीतसर कंत्राट त्याच्या हातात नव्हतं. सरकार कधी ना कधी पैसे देईल या भरवशावर तो काम करत राहिला.

१८६९ मध्ये खंडाच्या आरपार रेल्वे झाली आणि त्याच्या वाटेचं महत्त्व कमी झालं. त्याच वर्षी नेवाडाच्या विधिमंडळानं ठराव करून त्याला ६,००० डॉलर द्यावेत अशी केंद्राकडं मागणी केली. काही हललं नाही. शेवटी तो स्वतः वॉशिंग्टनला निघाला. वाटेत वायोमिंगमध्ये रेल्वे बर्फात अडकली. बहुतेक प्रवासी डब्यात बसून राहिले. हा खाली उतरला, चालत लॅरमी आणि पुढं शायेन गाठलं आणि तिथून गाडी पकडली.

ज्या माणसाला बर्फ कधी अडवू शकला नाही, त्याला वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांनी अडवलं. आश्वासनं भरपूर मिळाली. पैसे मिळाले नाहीत.

परत येऊन तो आपल्या कामाला लागला. १८७६ च्या मे महिन्यात पेरणीच्या दिवसांत तो आजारी पडला. चालवेना, म्हणून घोड्यावर बसून पेरणी केली असं सांगतात. १५ मे १८७६ रोजी तो गेला. वय अवघं ४९. दोनच वर्षांनी अकरा वर्षांचा आर्थरही घटसर्पानं गेला.

बापलेक दोघेही जेनोआच्या दफनभूमीत आहेत. अ‍ॅग्नेसनं नवऱ्यासाठी उभारलेल्या दगडावर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन स्की कोरल्या आहेत. आज जेनोआत थॉम्पसनचा पुतळा आहे आणि अमेरिकेच्या स्की हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आहे.

ते ६,००० डॉलर मात्र त्याच्या घरी कधीच पोचले नाहीत.