पिवळ्या गळ्याची चिमणी

मुलांनी अंगणातून उचलून आणलेले पीस, दगड, मेलेला भुंगा आपण किती वेळा घाण म्हणून केरात टाकतो! मीही टाकीत आले. पण पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे चरित्र वाचल्यापासून माझा हात थबकतो.

त्यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. आईबापांचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनीच खेतवाडीच्या घरी या पोरक्या भाच्याला मायेने वाढविले. मामा शिकारी. भाच्यालाही छऱ्यांची छोटी बंदूक मिळालेली. दहाएक वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! बिचारीचा जीव गेला खरा, पण मुलाची नजर त्या ठिपक्यावर खिळून राहिली. ही कोणती चिमणी?

मामांनाही ओळखता येईना. पण त्यांनी मुलाला झिडकारले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांना चिठ्ठी लिहून त्याला तिकडे धाडले. मुलगा भीत भीत गेला. साहेबांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखविले. मुलगा थक्क झाला. तेथूनच त्याला पाखरांचे वेड लागले.

पुढची वाट सोपी नव्हती. पदवी नाही म्हणून मनाजोगी नोकरी मिळेना, मिळालेली सुटली. तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तेथे १९३० साली त्यांनी सुगरणींचा संसार न्याहाळला. नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन पाहून जाते, तिच्या पसंतीस उतरला तरच राहते. मग नर तो पुरा करून दुसरा विणावयास घेतो! घर पारखून घेणारी ती मादी वाचून मला मोठी गंमत वाटली.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते वारले. त्यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणीच घातली आहे.

मला मात्र त्या मामांचे कौतुक वाटते. स्वतःला उत्तर येत नव्हते, तरी त्यांनी प्रश्न मरू दिला नाही. मीही सातवीच शिकलेले. पाखरांची नावे मला कोठून यावीत? पण मुलाच्या मुठीत काय आहे ते बघावे, आणि ज्याला ठाऊक त्याच्याकडे त्याला न्यावे, एवढे तर आपल्याला जमेल ना?