वादळाची वर्दी देणारा कप्तान

इ. स. १८२९ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून ‘बीगल’ नावाचे इंग्रजी आरमाराचे जहाज चालले होते. त्याचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय हा अवघा तेवीस वर्षांचा तरुण होता. वायुभारमापकातील पारा खाली उतरला होता. पारा उतरणे ही वादळाची खूण होय, हे त्यास ठाऊक होते. परंतु पुढे जाण्याच्या घाईत त्याने शिडे वेळेवर उतरविली नाहीत. पाहता पाहता वादळाने जहाज गाठले. डोलकाठ्या मोडल्या, जहाज एका कुशीवर कलंडले आणि दोन खलाशी समुद्रात बुडून मरण पावले. जहाज कसेबसे वाचले. पण त्या दिवसापासून पाऱ्याची सूचना फिट्झरॉयने कधीही हलकी मानली नाही.

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात एका उमराव घराण्यात झाला. वयाच्या बाराव्या वर्षी तो आरमारी विद्यालयात दाखल झाला. १८३१ ते १८३६ या काळात त्याने ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे जगप्रसिद्ध झालेला निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन याच सफरीत त्याच्याबरोबर होता. या प्रवासात फिट्झरॉयने अपरिचित किनाऱ्यांचे नकाशे तयार केले आणि वारा, पाऊस व हवेचा दाब यांच्या नोंदी नेमाने ठेवल्या.

१८५४ साली इंग्लंडच्या सरकारने हवामानाचे एक लहानसे खाते उघडले व ते फिट्झरॉयच्या हाती सोपविले. जहाजांच्या कप्तानांनी लिहिलेल्या हवामानाच्या नोंदी गोळा करून त्यांची व्यवस्था लावणे, एवढेच त्या खात्याचे काम होते. आलेल्या वादळाची नोंद होत असे. येणाऱ्या वादळाची वर्दी मात्र कोणासही मिळत नसे.

अशातच १८५९ चा ऑक्टोबर महिना उजाडला. ऑस्ट्रेलियाहून निघालेले ‘रॉयल चार्टर’ हे जहाज लिव्हरपूल बंदराजवळ येऊन पोहोचले होते. सोन्याच्या खाणींत वर्षानुवर्षे कष्ट करून माणसे घरी परतत होती. प्रवास संपत आला असतानाच भयंकर वादळ उठले आणि किनारा हाकेच्या अंतरावर असताना जहाज खडकावर आपटून फुटले. सुमारे साडेचारशे माणसे दगावली. त्या एकाच वादळात १३३ जहाजे बुडाली आणि सुमारे आठशे लोक प्राणांस मुकले.

फिट्झरॉयचे मन हळहळले. पण तो केवळ हळहळत बसला नाही. त्या दिवसांतील ठिकठिकाणच्या नोंदी त्याने मागविल्या आणि त्या नकाशावर मांडल्या. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसून आली. वादळ सर्वत्र एकाच वेळी आले नव्हते. ते एका गावाहून दुसऱ्या गावाकडे सरकत गेले होते. एका ठिकाणचा पारा त्या ठिकाणापुरतेच सांगतो. परंतु अनेक ठिकाणांचे पारे एकत्र पाहिले, तर वादळ कोठे आहे व कोणत्या दिशेने चालले आहे, हे कळू शकते. शिवाय वादळ कितीही वेगवान असले, तरी तारायंत्राचा संदेश त्याहून वेगवान असतो.

मग फिट्झरॉयने किनाऱ्यावर सुमारे पंधरा केंद्रांची साखळी उभी केली. प्रत्येक केंद्रावरील माणूस रोज सकाळी हवेचा दाब, उष्णतामान व वाऱ्याची दिशा पाही आणि ते आकडे तारेने लंडनला कळवी. आकड्यांवरून धोका दिसताच लंडनहून बंदरांना तार जाई. तेथे उंच खांबावर शंकूच्या किंवा नळकांड्याच्या आकाराची खूण चढविली जाई. रात्री कंदील टांगले जात. ६ फेब्रुवारी १८६१ रोजी अशी पहिली सूचना निघाली. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी त्याचा पहिला हवामान-अंदाज लंडनच्या वृत्तपत्रात छापून आला. तो आपल्या कथनास भविष्य म्हणत नसे, अंदाजच म्हणे.

काही अंदाज चुकत. मग वृत्तपत्रे थट्टा करीत. सूचना पाहून कोळी बंदरात थांबले, की नौकांचे काही मालक आपला धंदा बुडाल्याची तक्रार करीत. काही शास्त्रज्ञांनाही ही पद्धत पटत नव्हती. अविश्रांत श्रम, टीका आणि ढासळती प्रकृती यांनी फिट्झरॉय खचून गेला. स्वतःची बरीचशी संपत्तीही त्याने लोककार्यात खर्चिली होती. ३० एप्रिल १८६५ रोजी त्याच्या जीवनाचा दुःखद अंत झाला.

त्याच्या पश्चात १८६६ च्या अखेरीस वादळाच्या सूचना बंद करण्यात आल्या. तेव्हा त्यांची खरी किंमत लोकांना कळली. ज्यांचे जीव समुद्रावर अवलंबून होते, त्यांनी त्या पुन्हा मागितल्या आणि १८६७ साली त्या पुन्हा सुरू झाल्या.

आपल्या देशालाही हा धडा मोठी किंमत देऊनच मिळाला. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळले व हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील बंदरासाठी वादळाच्या सूचना सुरू झाल्या आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. आज उपग्रह आणि रडार मदतीस आहेत. तरीही गावोगावच्या केंद्रांवर पाऊस, वारा व उष्णतामान यांच्या नोंदी नेमाने होतात. वादळाचा माग तर त्यांतून लागतोच. पण अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की हवामान कसे पालटत आहे, हेही समजते.

कोकणच्या बंदरात आजही धोक्याचा बावटा चढला, की कोळी आपल्या होड्या किनाऱ्यास लावतात. त्या बावट्यामागे दूरदूरच्या केंद्रांवरील अनेक माणसांचे रोजचे, न चुकणारे काम असते. ते काम एका सूत्रात ओवण्यासाठी रॉबर्ट फिट्झरॉयने आपले आयुष्य वेचले.