मल्लवीर खाशाबा

सातारा जिल्ह्यातील कराड येथे कृष्णा आणि कोयना या नद्या एकमेकींना समोरून येऊन भेटतात. त्या प्रीतिसंगमाच्या परिसरात गोळेश्वर नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील दादासाहेब जाधव हे जुन्या पिढीतील मल्ल होते. त्यांना पाच पुत्र. त्यांतील सर्वांत धाकट्या खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. घरात तालमीचे वातावरण असल्याने वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरविले. तांबड्या मातीशी जडलेले हे नाते पुढे जन्मभर टिकले.

१९४० साली खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात दाखल झाले. ही शाळा केवळ परीक्षेपुरती विद्या देणारी नव्हती. याच शाळेत शिकत असताना यशवंतराव चव्हाण यांनी १९३२ साली तिरंगा फडकाविला आणि त्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा भोगली. पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झालेले आणि १९६३ साली नाशिककरांनी लोकसभेवर बिनविरोध निवडून दिलेले यशवंतराव ते हेच. अशा शाळेत खाशाबांची सात वर्षे गेली. कुस्तीखेरीज पोहणे, धावणे, मल्लखांब, वजन उचलणे यांतही त्यांनी प्रावीण्य मिळविले. बेलापुरे गुरुजी व बाबुराव बलावडे यांच्या हाताखाली त्यांचे कुस्तीचे शिक्षण झाले. १९४२च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्याचे कामही या शाळकरी मुलाने केले.

शाळा संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तेथील धिप्पाड मल्लांपुढे खाशाबा अगदीच किरकोळ दिसत. उंची बेताची, अंगलट सडपातळ. वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव घालावयास ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे पाहून नकार दिला. खाशाबा निमूटपणे परतले नाहीत. ते थेट प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि त्या स्पर्धेत खाशाबांनी आपल्याहून दणकट असे प्रतिस्पर्धी एकामागून एक लोळविले. नकार देणाऱ्या शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. मल्लाचे बळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, एवढेच खरे.

१९४८ साली लंडन येथे ऑलिम्पिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि खाशाबा विलायतेस गेले. तेथे एक मोठीच अडचण उभी राहिली. आपल्याकडील कुस्ती मातीत होते, तेथील कुस्ती मॅटवर म्हणजे जाड गादीवर. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकविली की कुस्ती संपते. तेथे मात्र घड्याळ चालू असते, आणि कोणी चीत झाला नाही तर गुणांवर निकाल लागतो. रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाकडून थोड्या अवधीत जे शिकता आले ते त्यांनी शिकून घेतले आणि आपल्या वजनगटात सहावा क्रमांक मिळविला. नवख्या मल्लाला हे यश थोडे नव्हते. खाशाबांचे समाधान मात्र झाले नाही. मायदेशी परतताच त्यांनी मेहनत दुप्पट केली.

चार वर्षांनी फिनलंड देशातील हेलसिंकी येथे सामने होणार होते. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला असे खाशाबांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांच्या मध्यस्थीने पुन्हा कुस्ती लागली. तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास चीत केले आणि भारतीय संघात आपले स्थान मिळविले.

आता प्रश्न पैशांचा होता. जावयाचे तर स्वतःच्या खर्चाने जावयास हवे होते, आणि शेतकऱ्याच्या घरात एवढी रक्कम कोठून असणार? खाशाबा व त्यांचे आप्तस्वकीय घरोघर हिंडले. गोळेश्वरच्या लोकांनी आणि कराडच्या व्यापाऱ्यांनी यथाशक्ती मदत केली. तरीही तोंडमिळवणी होईना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये खाशाबांच्या हाती ठेवले. त्या काळी सात हजार ही लहान रक्कम नव्हती. विद्यार्थी हरून परत आला असता तर घर सोडविणार कोण, हा विचार प्राचार्यांच्या मनात आला नसेल असे नाही. पण त्यांनी घराचे कागद सावकारी पेढीत नेऊन दिले ते दिलेच.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा व मेक्सिको या देशांच्या मल्लांना हरविले. नंतर गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशी याच्याशी. पंधरा मिनिटांच्या त्या दीर्घ झुंजीत खाशाबा गुणांवर हरले. अंगाचा घाम वाळला नव्हता, श्वास ठिकाणावर आला नव्हता, तोच रशियाच्या मल्लाशी लढण्यासाठी त्यांचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो पुढे करून भांडावयास त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच गादीवर चढले आणि हरले. इशीला सुवर्णपदक मिळाले, रशियाच्या मल्लाला रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक. दिवस होता २३ जुलै १९५२. हॉकीच्या संघाने सुवर्णपदके आणली होती; परंतु स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले हे पहिलेच पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

खाशाबा कराडच्या स्थानकावर उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या त्यांची वाट पाहत उभ्या होत्या. ढोल, ताशे, लेझीम यांच्या गजरात मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची गोळेश्वरची वाट; त्या दिवशी ती संपावयास कित्येक तास लागले.

हारतुऱ्यांच्या या दिवसांतही खाशाबांना एका गोष्टीचा विसर पडला नाही. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरविले, त्यांत ते स्वतः लढले आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. तेथेही त्यांनी अनेक कुस्त्या जिंकल्या आणि तरुणांना डाव शिकविले. साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरचे दिवस मात्र ओढगस्तीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो त्यानंतर सोळा वर्षांनी. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वरातील त्यांच्या घरास फार पूर्वीच नाव मिळाले होते : ऑलिम्पिक निवास.