आचार्य धर्मानंद कोसंबी आणि हार्वर्ड

हार्वर्ड विद्यापीठाचे नाव आमच्या विद्यार्थ्यांच्या कानी पडते ते मोठमोठ्या पदव्यांबरोबर. त्याच विद्यापीठाने एका पाली ग्रंथासाठी ज्यांना बोलावून नेले, त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी कोणतीही पदवी नव्हती. आणि त्यांनी देह ठेवला तो आमच्या पवनारनजीकच्या सेवाग्रामात.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्र वाचून लागलेला ध्यास त्यांना पुणे, काशी, नेपाळ असा फिरवीत १९०२ मध्ये सिंहलद्वीपास घेऊन गेला. तेथे सुमंगल महास्थविरांच्या विद्योदय विद्यालयात त्यांनी पालीचे अध्ययन केले.

हार्वर्डचे विद्वान हेन्री क्लार्क वॉरेन यांनी हाती घेतलेले 'विसुद्धिमग्गा'चे संपादन त्यांच्या १८९९ मधील निधनाने अपुरे राहिले होते. ते पुरे करण्याच्या कामी प्रा. लॅनमन यांना साहाय्य करण्यासाठी धर्मानंद १९१० मध्ये अमेरिकेस गेले. ब्रह्मी व सिंहली लिपींतील प्रतींचे पाठ ओळीओळीने ताडून पाहावयाचे, असे ते डोळे शिणविणारे काम. श्रम त्यांचे, परंतु ग्रंथावर संपादक म्हणून नाव कोणाचे, यावरून बेबनाव झाला आणि १९१२ मध्ये ते काम सोडून परतले. त्या काळी अशा विद्यापीठाचा दबदबा केवढा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे हा प्रसंग आम्हांस त्यांच्या चरित्रात फार मोठा वाटतो.

पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१८ पर्यंत पाली शिकविली. त्यानंतर पुन्हा हार्वर्डच्या वाऱ्या करून संपादन पूर्ण केले. पुत्र दामोदर तर तेथलेच पदवीधर झाले. फर्ग्युसनमधील शिष्य पु. वि. बापट हेही हार्वर्डला गेले. तेथे त्यांनी चिनी अनुवादाच्या रूपाने टिकलेल्या 'विमुत्तिमग्गा'ची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना केली आणि तो अभ्यास १९३७ मध्ये पुण्यात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

हार्वर्डची प्रत मात्र १९५० साली निघाली, वॉरेन यांच्यासह धर्मानंदांचे नाव घेऊन. तेव्हा ते हयात नव्हते. बरे झाले, की ते तिच्यासाठी थांबले नाहीत! १९४० मध्येच मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची देवनागरी प्रत छापली होती.

सेवाग्रामी अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे प्राण सोडले. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले, ते स्वतःचा डांगोरा कधीही न पिटलेला विद्वान म्हणून.