अफनासी निकितीन आणि त्याची दोन नावे

नाव हे आईबापांनी लेकरास दिलेले पहिले धन होय. परमुलुखात ते जतन करणे किती कठीण असते, हे अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याच्या चरित्रावरून ध्यानी येते. ज्या बीदर शहरी त्याने आपले खरे नाव प्रकट केले, ते आपल्या नांदेड-लातूरच्या सीमेपलीकडेच आहे. तेव्हा त्याची हकीकत आपणांस परकी वाटू नये.

अफनासी हे नाव मूळचे ग्रीक. त्या भाषेत ‘थानातोस’ म्हणजे मृत्यू. त्यास नकारार्थी ‘अ’ जोडून ‘अथानासिओस’, म्हणजे मृत्युरहित, हे नाव झाले. आपल्या ‘अमर’ शब्दातील ‘अ’ तोच. रशियन लोक ग्रीक ‘थ’चा उच्चार ‘फ’ करीत, म्हणून ‘अफनासी’. चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाचे बिशप संत अथानासिओस यांनी पाच वेळा हद्दपारी सोसली, परंतु आपला विश्वास टाकिला नाही. निकितीन म्हणजे निकिताचा पुत्र. आणि निकिता म्हणजे विजयी.

अफनासी व्होल्गातीरच्या त्वेर नगरीचा रहिवासी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो व्यापारास निघाला. आस्त्राखानजवळ तातारांनी त्याचा माल लुटला, धर्मपुस्तकेही गेली. रिकाम्या हाती घरी न परतता तो इराणमार्गे होर्मुझ बंदरी आला व एक घोडा घेऊन गलबताने इ.स. १४७०च्या सुमारास कोकणात चौल येथे उतरला. पुढे घाट चढून तो जुन्नरास पोहोचला.

जुन्नरास त्याची खरी परीक्षा झाली. मुसलमानी मुलुखात त्याने खोजा युसुफ खोरासानी हे नाव धारण केले होते. परंतु तो ख्रिस्ती असल्याचे तेथील सुभेदार असदखानास कळले. त्याने घोडा जप्त केला. धर्म बदलल्यास घोडा व वर एक सहस्र सुवर्णनाणी. न बदलल्यास घोडा तर जाईलच, शिवाय तितकाच दंड भरावा लागेल, असा हुकूम झाला. मुदत चार दिवसांची. घोडा ही त्याची सारी पुंजी होती, तरी तो वळला नाही. मुदत संपत आली असता खोरासानचा एक मुसलमान गृहस्थ, खोजा महंमद, तेथे आला व त्याने रदबदली करून घोडाही सोडविला आणि धर्मांतराचे संकटही टाळले. संकट आणणारा व संकटातून तारणारा दोघेही एकाच धर्माचे होते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

पुढे बहामनी राजधानी बीदर येथे हिंदू लोकांशी त्याचा स्नेह जडला. तेव्हा आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहो व आपले नाव अफनासी आहे, हे त्याने त्यांस मोकळेपणाने सांगितले. त्या दिवसापासून त्यांनीही आपले खाणेपिणे, व्यापार वा पूजाअर्चा यांतील काही त्याच्यापासून लपविले नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैल पर्वताच्या यात्रेसही गेला. खरे नाव सांगताच परक्यांची दारे उघडली!

त्याच्या मनाला मात्र स्वस्थता नव्हती. पुस्तकांवाचून ईस्टर केव्हा व उपवास केव्हा, हे कळेना. तो ताऱ्यांवरून अदमास बांधी. त्याच्या लिखाणातील प्रार्थनांत अरबी-फारसी शब्द मिसळले आहेत, म्हणून त्याच्या श्रद्धेविषयी विद्वानांत मतभेद आहे. योसेफासही मिसर देशात फारोने दुसरे नाव दिले होते. पण तेवढ्याने तो आपल्या पित्याच्या देवास अंतरला नाही. अफनासीविषयीही आम्हांस तसेच वाटते. कारण जुन्नरच्या त्या चार दिवसांत त्याने धनापेक्षा विश्वास मोठा मानिला.

अखेर दाभोळहून गलबताने तो मायदेशाकडे निघाला. त्वेर त्यास पुन्हा दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच वाटेत तो मरण पावला. त्याच्या वह्या मात्र इ.स. १४७५ मध्ये मॉस्कोस पोहोचल्या, आणि ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या नावाने त्या आजही वाचल्या जातात. इ.स. २००२ मध्ये चौलजवळ रेवदंडा येथे त्याचे स्मारक उभारण्यात आले.

मुलांनो, पोटासाठी उद्या तुम्हांपैकी कित्येकांस दूरदेशी जावे लागेल. तेथील भाषा शिका, वेषही घ्या. परंतु आईबापांनी दिलेले नाव व त्यासोबत दिलेला विश्वास विकू नका.