रॉबर्ट बॉश : इंजिनाला इंधन मोजून द्यायला शिकवणारा कारागीर

आजोबांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला फ्युएल इंजेक्शन बसवायचे व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर पाहिले असतील. पंप, रेग्युलेटर, इंजेक्टर... पार्ट्सची नावं भराभर येतात, आणि त्यातल्या बऱ्याच पार्ट्सवर एकच नाव छापलेलं दिसतं, ते म्हणजे बॉश. हे एका माणसाचं आडनाव आहे. त्याची गोष्ट कळली की कोणता पार्ट कशासाठी लागतो, हेही लक्षात येतं. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

सराईवाल्याचा मुलगा

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतल्या उल्म शहराजवळ आल्बेक या गावात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडील शेती करायचे आणि सराई चालवायचे. शाळेत रॉबर्ट फारसे रमले नाहीत. उल्ममध्ये त्यांनी बारीक यंत्रकाम शिकून घेतलं. १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले, एडिसनच्या कारखान्यात काम केलं आणि मग इंग्लंडमार्गे परतले.

१५ नोव्हेंबर १८८६ ला त्यांनी स्टुटगार्टमध्ये छोटं वर्कशॉप उघडलं. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या, बस्स. टेलिफोन जोडून दे, विजेची घंटा बसवून दे, अशी किरकोळ कामं चालायची. पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाईकासाठी त्यांनी इंजिनात ठिणगी पाडणारं मॅग्नेटो बनवलं. १८९७ मध्ये ते एका तीनचाकी गाडीला बसवलं, आणि १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगची जोडी तयार केली. धंदा जगभर पसरला. १९०६ मध्ये बॉश यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

६१ व्या वर्षी नवा डाव

पहिल्या महायुद्धाने सगळं विस्कटलं. अमेरिकेतली मालमत्ता हातची गेली. १९२१ मध्ये दीर्घ आजाराने मुलगा वारला. धंदा ज्याच्या हाती सोपवायचा, तोच गेला. अशा वेळी दुसरा कुणी हात आखडता घेतला असता. बॉश यांनी मात्र १९२२ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, डिझेल इंजेक्शन पंप बनवायचं ठरवलं.

हे अवघड का होतं? सुरुवातीच्या डिझेल इंजिनात इंधन आत फवारायला दाबाखालची हवा लागायची. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर हवा, म्हणून डिझेल जहाजं आणि कारखान्यांतच अडकून पडलं होतं. ट्रकसाठी छोटा पंप हवा होता. त्याने शंभर बारहून जास्त दाबाने, अगदी नेमक्या क्षणी, थेंबभर इंधन मोजून द्यायला हवं. पंपाचा दट्ट्या आणि त्याभोवतीची नळी यांतली फट मिलीमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच ठेवावी लागते. फट वाढली की दाब गळतो.

पाच वर्षं खपून १९२७ मध्ये पंपाचं उत्पादन सुरू झालं. आधी ट्रक, मग १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली.

विमानं, युद्ध आणि दुसरी बाजू

यानंतर पेट्रोल इंजेक्शन आलं, पण आधी विमानांत. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या इंजिनात कार्ब्युरेटर होता. नाक झटकन खाली केलं की त्यातलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन आचके द्यायचं. इंजेक्शनवाल्या जर्मन विमानांना हा त्रास नव्हता.

पण ही विमानं हिटलरची होती. बॉश कंपनी युद्धसामग्री बनवत होती आणि तिच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबत होते. दुसरीकडे बॉश आणि त्यांचे जवळचे सहकारी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत करत होते. हिटलरविरोधी गटातले कार्ल गोर्डेलर यांनाही त्यांनी सल्लागार म्हणून आसरा दिला होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. १२ मार्च १९४२ ला बॉश गेले, तेव्हा ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता तिनेच त्यांची सरकारी इतमामात अंत्ययात्रा काढली.

पेट्रोल इंजेक्शन गाडीत आलेलं त्यांनी पाहिलं नाही. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल आणि १९६७ ची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाली फोक्सवॅगन, हे सगळं नंतरचं. नाशिकचं मायको सर्कल माहितीये ना? मायको हे याच बॉश कंपनीच्या भारतातल्या शाखेचं जुनं नाव.

मग तुमच्या जुन्या गाडीसाठी काय?

- पंप : कार्ब्युरेटरला साधारण ०.२ ते ०.३ बार दाब पुरतो, इंजेक्शनला सुमारे ३ बार लागतो. टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त! त्यामुळे जुना मेकॅनिकल पंप चालणार नाही, इलेक्ट्रिक हाय प्रेशर पंपच हवा.
- रेग्युलेटर आणि रिटर्न लाइन : दाब स्थिर ठेवून जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवायला.
- पाइप आणि क्लॅम्प : इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलेच घ्या. साधा रबरी पाइप फाटला तर गरम इंजिनावर पेट्रोल उडून आग लागू शकते. इथे पैसे वाचवू नका.
- फिल्टर : इंजेक्टरचं छिद्र बारीक असतं आणि जुन्या टाकीत गंज असतोच. आधी टाकी साफ करा, मग बारीक फिल्टर लावा.
- सर्ज टँक : वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. विमानातल्या उसळीसारखीच ही भानगड. मधली छोटी टाकी ती टाळते.
- कट-ऑफ : इंजिन बंद पडलं की पंपही बंद व्हायला हवा. अपघातात हाच रिले जीव वाचवतो.

एकेक पार्ट स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका. आधी इंजिनाला किती पेट्रोल आणि किती दाब लागतो ते ठरवा, मग टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळे पार्ट्स त्या आकड्याला जुळवा. बॉश यांच्या पंपाचंही तेच होतं. एक फट चुकली की अख्खा पंप वाया!